सुईदोऱ्याचा हिशेब

अभ्यासपाठ : महिला मंडळ, तरुण संघ व गृहसभांसाठी
वाचनासाठी शास्त्रभाग : निर्गम ३५:२०-३५ व ३६:१-७, प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२



यंदा पावसाळा लागण्यापूर्वी आम्ही कार्यालयातले जुने अंक उन्हात टाकले. सोलापूरच्या उन्हात वाळवी टिकत नाही, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी हे काम करावे लागते. अंक चाळता चाळता माझ्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक वर्षी एक फोटो ठरलेला आहे. ओळीने मांडलेल्या शिवणाच्या मशिनी, त्यांच्यामागे डोक्यावर पदर घेतलेल्या बहिणी, बाजूला पाहुणे, हातात कात्री आणि फीत. खाली ओळ, 'शिवण व भरतकाम वर्गाचे उद्घाटन'. अशा चार फोटोंत मी स्वतः उभी आहे. पहिल्यात मी पंचविशीतली आहे आणि फार आनंदात दिसते.

त्या मशिनी आज कुठे आहेत? त्या बहिणी कुठे आहेत? त्यांतल्या काहींचे मला ठाऊक आहे, कित्येकींचे ठाऊक नाही. उद्घाटनाचे फोटो आम्ही जपले. पुढे काय झाले याचा फोटो कोणी काढला नाही.

हा विषय आजच घेण्याला कारण आहे. एका मंडळीने नाताळची भेट म्हणून आपल्या कामासाठी सहा मशिनी देऊ केल्या आहेत. प्रेमाने देऊ केल्या आहेत. पण ज्या तांड्यावर त्या जायच्या, तिथल्या बहिणींनी बैठकीत सरळ सांगितले, "बाई, मशीन नको." समितीपुढे हा प्रश्न आला तेव्हा काहींना वाईट वाटले, काहींना तो उर्मटपणा वाटला. मला मात्र तो आपल्याच जुन्या हिशेबाची आठवण वाटला. तो हिशेब आज सर्वांनी मिळून पाहावा, म्हणून हा पाठ.

१. मिशनच्या हातात सुई कशी आली

आपल्या भागातल्या मिशनकार्याची सुरुवातच सुईच्या सोबतीने झाली असे म्हटले तर वावगे होणार नाही. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार बाई १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा पाहू लागल्या. १८६२ साली नगरलाच त्यांचे देहावसान झाले. त्या काळी मुलीला वाचायला शिकवणे अनेक घरांना पटत नव्हते, पण शिवण घरात उपयोगी पडे. म्हणून मिशनच्या मुलींच्या शाळांत वाचनलेखनाबरोबर शिवण ठेवले जाई. सुईचे निमित्त झाले आणि पाटी हातात आली, असे अनेक मुलींच्या बाबतीत घडले.

दक्षिणेत याहून मोठी गोष्ट घडली. त्रावणकोर संस्थानात नागरकोइल येथे लंडन मिशनच्या मार्था मॉल्ट बाईंनी १८२० च्या सुमारास मुलींना लेस विणायला शिकवले. त्या संस्थानात तेव्हा गुलामगिरी चालू होती, ती कायद्याने बंद झाली १८५५ साली. शाळेतल्या काही मुली जन्माने गुलाम होत्या. लेस विकून जे पैसे हाती आले, त्यांतून त्यांनी आपली सुटका विकत घेतली. सुईकामाच्या इतिहासातले हे पान मला फार मोलाचे वाटते. तिथे कमाई मुलीच्या हातात गेली, म्हणून ती तिच्या सुटकेला उपयोगी पडली.

याच कथेची दुसरी बाजू गोदावरीच्या मुखाशी नरसापूरला दिसते. तिथेही लेसचे काम मिशनरी कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केले, आणि ते इतके वाढले की परदेशात माल जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या बायकांचा अभ्यास करून १९८२ साली पुस्तक लिहिले. त्यांना काय दिसले? बायका दिवसाचे कित्येक तास लेस विणत होत्या, पण त्यांना कोणी कामगार म्हणत नव्हते. घरी बसून रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी, अशी त्यांची ओळख होती. त्यामुळे मजुरी नाममात्र राहिली आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला. सुई तीच आणि दोराही तोच. नागरकोइलला मुलीची बेडी तुटली आणि नरसापूरला बाई घरातल्या घरात बांधली गेली. फरक पडला तो पैसे कोणाच्या हातात गेले यामुळे.

महाराष्ट्रात या बाबतीत पंडिता रमाबाईंकडून शिकण्यासारखे आहे. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू करणाऱ्या रमाबाईंनी १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळात शेकडो मुली-बायका केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या. तिथे शिवण आणि भरतकाम होतेच, पण विणमाग होता, शेती होती, तेलाचा घाणा होता आणि छापखानाही होता. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्या छापखान्यात बायकांच्या हातांनी जुळले आणि छापले गेले. बाई म्हणजे शिवण, असे रमाबाईंनी धरले नाही. जिला जे जमेल ते तिने शिकावे, एवढेच पाहिले. आपण मात्र पुढच्या शंभर वर्षांत कुठलीही बाई दिसली की तिच्यापुढे मशीन ठेवण्याची सवय लावून घेतली.

२. तारेच्या कुंपणातले शिक्षण

सोलापूरकरांना 'सेटलमेंट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. आजही त्या नावाने शहराचा भाग ओळखला जातो. पण तरुण पिढीतल्या अनेकांना ते नाव का पडले हे माहीत नसते.

इंग्रज सरकारने १८७१ साली 'गुन्हेगार जमाती' म्हणून कायदा केला. पारधी, कैकाडी, टकारी, कंजारभाट अशा कितीतरी समाजांत जन्मलेले मूल त्या कायद्याने जन्मतःच संशयित ठरले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचे नाही. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात अशा समाजांसाठी तारेच्या कुंपणातल्या वसाहती वाढत गेल्या. सोलापूरची वसाहत त्यांतली मोठी. गिरण्यांना मजूर हवे होते, ते तिथून मिळाले. मुलांसाठी शाळा काढल्या, हातांना धंदे शिकवले. शिस्त, शाळा आणि कामधंदा या तिन्हींनी माणूस 'सुधारेल' असा त्या काळच्या अधिकाऱ्यांचा विश्वास होता. काही काळ या कारभाराला अमेरिकन मराठी मिशनचाही हात लागला होता.

हे लिहिताना मला सोपे जात नाही. त्या सेवकांपैकी अनेकांनी प्रामाणिकपणे, आजार आणि गरिबीशी झुंजत काम केले असेल यात शंका नाही. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. ज्या आईच्या हाताला आपण हुन्नर शिकवत होतो, तिला कुंपणाबाहेर जायला परवानगी लागत होती, आणि त्या कुंपणाविषयी मंडळीचा आवाज फारसा उठला नाही. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणून ३१ ऑगस्ट हा दिवस भटके-विमुक्त समाज मुक्तिदिन म्हणून पाळतो. आपल्या मंडळ्यांच्या दिनदर्शिकेत हा दिवस असावा, असे मला फार वर्षांपासून वाटते.

शिकवण देणे आणि मोकळे करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केली की दुसरी आपोआप होते, असे सेटलमेंटचा इतिहास सांगत नाही.

३. जी सुई आम्हाला दिसली नाही

आता माझ्या स्वतःच्या कामाकडे येते. पूर्वी मी ज्या एका प्रकल्पात होते, त्यातर्फे दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका लमाण तांड्यावर आम्ही वर्ग सुरू केला. लमाण, म्हणजे बंजारा समाज, आंध्र-तेलंगणात अनुसूचित जमातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि आपल्या महाराष्ट्रात विमुक्त जातींत. सरहद्द ओलांडली की कागद बदलतो, तांडा तोच राहतो. एके काळी हे लोक बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर पोचवीत. रेल्वे आणि पक्के रस्ते आले, सरकारी कायदे आले आणि तो धंदा बुडाला. आज सोलापूरच्या तांड्यांवरची कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात.

आमच्या वर्गाचा अभ्यासक्रम मीच तयार केला होता. पहिल्या महिन्यात धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, काजा. दुसऱ्या महिन्यात मॅटी कापडावर गुलाबाचे फूल. तिसऱ्या महिन्यात क्रोशाचा टेबलक्लॉथ. तांड्यावर कोणाकडेही टेबल नव्हते, हे तेव्हा माझ्या मनातसुद्धा आले नाही. माल शहरातल्या नाताळ विक्रीत जायचा होता, आणि तिथे टेबलक्लॉथ खपत होता.

वर्ग चाले तेव्हा एक म्हातारी याडी दाराशी येऊन बसे. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. ती काही शिकायला येत नसे, नुसती बघत असे. एके दिवशी ती घरी जाऊन आली आणि तिने माझ्यापुढे एक गाठोडे सोडले. आत तिच्या लग्नातली काचळी होती आणि फेटिया होता, म्हणजे चोळी आणि घागरा. त्यावर एवढे काम होते की मूळ कापड कुठे दिसत नव्हते. आरसे, कवड्या, शिक्के, लाल-पिवळ्या-निळ्या दोऱ्यांचे चौकोन आणि त्रिकोण, कडेला बारीक नागमोडी टाका. कापडावर कुठेही पेन्सिलीची रेघ नव्हती. सगळी मापे तिच्या नजरेत होती.

मी म्हणाले, "छान आहे हो याडी." आणि मुलींना म्हणाले, "चला, गुलाबाची पाकळी पुरी करा."

काही वर्षांनी त्या तांड्यावर पुन्हा जाणे झाले तेव्हा मी ती काचळी पाहायला मागितली. याडी हसली. तिने चुलीकडे बोट दाखवले. बोहारीण आली होती, तिला जुने कपडे दिले आणि दोन स्टीलची पातेली आली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पातेली रोज लागतात, काचळी आता कोणी घालत नाही, एवढाच तिचा हिशेब. असे जुने कपडे पुढे कापले जातात आणि त्यांचे तुकडे शहरांतल्या दुकानांत पिशव्यांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर लागून विकले जातात. घेणाऱ्याला तो सुंदर तुकडा कोणाच्या लग्नातला आहे हे माहीत नसते.

ती काचळी घरातून गेली यात माझा दोष नसेल. पण तिची किंमत त्या तांड्यावरच्या मुलींना दाखवून देण्याची संधी माझ्यापुढे गाठोडे सोडून बसली होती, आणि मी गुलाब शिकवत राहिले, हा दोष माझा आहे.

हे काम विकले जात नाही असे नव्हते. सोलापूरहून विजयपूर-होस्पेटमार्गे गेले की बळ्ळारी भागात संडूर लागते. तिथे लंबाणी बायका आपल्या पारंपरिक टाक्यांतच पिशव्या, कपडे आणि घरात वापरायच्या वस्तू तयार करतात. चौदा प्रकारचे टाके त्यांच्याकडे मोजले जातात, आणि प्रत्येकाला त्यांच्या बोलीत नाव आहे. 'संडूर लंबाणी भरतकाम' या नावाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या सोलापुरी चादरीलाही असेच मानांकन आहे, त्यामुळे त्याचे मोल आपल्याला कळायला हरकत नसावी. आम्ही गुलाब आणि टेबलक्लॉथ शिकवत होतो तेव्हा संडूरच्या बायका आपल्या आजीचे टाके घेऊन बाजारात उभ्या राहत होत्या.

४. कुठे चुकले, कुठे साधले

दोष सांगताना रडगाणे गाऊ नये, कारणे सांगावीत. मला दिसलेली कारणे अशी.

पहिले कारण हंगामाचे. आमचे वर्ष शाळेप्रमाणे जूनमध्ये सुरू होई आणि ऐन दिवाळीनंतर वर्ग अर्धा रिकामा होई. मुकादमाकडून उचल घेतलेली असे, नवरा-बायकोचा कोयता ठरलेला असे, गाड्या निघाल्या की मुलीही जात. आम्ही अहवालात लिहीत होतो, 'उपस्थिती अनियमित'. खरे तर आमचे वेळापत्रकच चुकीचे होते.

दुसरे कारण बाजाराचे. सोलापूर तयार कपड्यांचे, विशेषतः शाळेच्या युनिफॉर्मचे मोठे केंद्र आहे. शिवण शिकलेल्या मुलीला तिथे काम मिळेल असे आम्ही सांगत होतो. पण कारखान्यात विजेवर चालणारी जुकी मशीन असते, तिचा वेग वेगळा, शिस्त वेगळी, नगावर मजुरी. पायमशीनवर झबले शिवायला शिकलेली मुलगी तिथे पहिल्याच दिवशी मागे पडते. शिवाय तांड्यावरून शहरात रोज येण्या-जाण्याचे भाडे कोण देणार, हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता.

तिसरे कारण किमतीचे. समजा, एका अभ्र्यावर भरतकाम करायला १८ तास लागले आणि तो नाताळ विक्रीत ३०० रुपयांना गेला. कापड आणि दोरा ६० रुपयांचा. उरले २४० रुपये, म्हणजे तासाला साडेतेरा रुपयेसुद्धा नाहीत. त्यातून वाहतूक आणि संस्थेचा खर्च वजा केला की हातात काय येईल? आणि तरीही विकत घेणाऱ्या आपल्यालाच वाटते की आपण दान केले. त्या वेळी आम्ही वस्तूमागे ठरावीक रक्कम देत होतो आणि विक्रीचा उरलेला पैसा प्रकल्पाच्या खात्यात जात होता. वस्तू कितीला विकली हे बायकांना कोणी सांगत नव्हते. त्यांनी विचारलेही नाही, कारण विचारायचे असते हे आम्ही शिकवले नव्हते. नरसापूरचा इतिहास वाचताना मला आमचीच वही समोर दिसू लागली.

चौथे कारण सहानुभूतीचे. मंडळीतली माणसे वर्षातून एकदा दयेने खरेदी करतात. तिसऱ्या वर्षी प्रत्येकाच्या घरात तीन टेबलक्लॉथ होतात आणि दया संपते. खरा बाजार तसा संपत नाही, कारण तिथे गिऱ्हाईक वस्तूसाठी येते.

आता साधले ते. वर्गातल्या एका मुलीने गावात साडीला फॉल-पिको आणि ब्लाउज शिवण्याचे काम सुरू केले. आज तिच्या मुलीची फी त्यावर निघते. बायकांच्या बचत गटाची पहिली बैठक शिवणाच्या चटईवरच झाली. सही करायला कित्येक जणी तिथेच शिकल्या. आणखी एक गोष्ट अहवालात कधी आली नाही. रोज दोन तास बायका घराबाहेर, एकमेकींशेजारी, मान खाली घालून बसत. सुई चालू असली की नजरेला नजर द्यावी लागत नाही, त्यामुळे मनातले बोलता येते. नवऱ्याची मारहाण, मुलीचे लहान वयात ठरलेले लग्न, कर्ज, सगळे तिथे बाहेर आले. एक लग्न त्यामुळे दोन वर्षे पुढे गेले. हे काम मशीनने केले नाही. एकत्र बसण्याने केले.

५. शास्त्र काय शिकवते

(अ) हुन्नर आपण जाण्याच्या आधी तिथे असतो. निर्गमाच्या पस्तिसाव्या अध्यायात बसालेल आणि अहलियाब यांची कथा आहे. कोरीव काम, वेलबुट्टी, विणकाम यांचे कौशल्य देवाच्या आत्म्याने दिले असे तिथे सांगितले आहे. त्याच अध्यायात सूत कातणाऱ्या बायकाही आहेत, आणि त्यांच्याही कौशल्याचा मान राखला आहे. हे लोक कोण होते? कालपर्यंत मिसरात विटा थापणारे गुलाम. त्यांच्या हातात एवढी कला आहे हे फारोला कधी दिसले नसेल. कारागिरी देवाकडून येते असे आपण मानत असू, तर तांड्यावरच्या याडीच्या बोटांत ती कोणी ठेवली? आपण शिकवायला जातो तेव्हा आधी काय आहे ते पाहणे हा केवळ शहाणपणा नाही, तो देवाच्या दानाचा आदर आहे.

(आ) शिकवणे हीसुद्धा देणगी आहे. त्याच उताऱ्यात देवाने त्या दोघांना इतरांना शिकवण्याची बुद्धी दिली असेही म्हटले आहे. तांड्यावर शिकवण्याची बुद्धी त्या याडीकडे होती. मी शिक्षिका असण्यापेक्षा तिला शिक्षिका म्हणून मानधन देणारी असते, तर काचळी आज कदाचित पेटीत असती आणि तिचे टाके दहा मुलींच्या हातात असते.

(इ) पुरे म्हणायलाही शिकावे. छत्तिसाव्या अध्यायात एक गंमत आहे. लोक इतके दान आणू लागले की कारागीर मोशेकडे गेले आणि म्हणाले, कामाला लागते त्यापेक्षा जास्त होत आहे. मग मोशेने छावणीत दवंडी पिटवून दान थांबवले. किती लागते हे इथे कोणी ठरवले? कामाला बसलेल्या हातांनी. तांड्यावरच्या बहिणी "मशीन नको" म्हणाल्या तेव्हा त्या बसालेलच्या जागी होत्या. आपण मोशेसारखे ऐकणार का, एवढाच प्रश्न आहे.

(ई) दुर्कसेचे रहस्य. यापोतील टबीथा, म्हणजे दुर्कस, हिच्या नावाने आपल्याकडे अनेक महिला मंडळे चालतात. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्राभोवती उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे दाखवू लागल्या. लूक तिथे एक लहानशी गोष्ट नोंदवतो. ती वस्त्रे तिने त्यांच्याबरोबर असताना केली होती. मी धर्मशास्त्राच्या पदविकेचा अभ्यास करताना हे वाक्य कित्येकदा वाचले, पण 'बरोबर असताना' या शब्दांवर थांबले नाही. दुर्कस वस्त्रे पाठवत नव्हती, ती त्यांच्यामध्ये राहत होती. म्हणून कोणत्या विधवेला काय हवे हे तिला माहीत होते, आणि म्हणूनच ती गेल्यावर एवढे रडणे झाले. आमचा प्रकल्प बंद झाला तेव्हा तांड्यावर कोणी रडले नाही. मशिनी कोणाच्या घरी ठेवायच्या यावर मात्र थोडा वाद झाला.

६. बहिणींनी काय मागितले

बैठकीत "मशीन नको" म्हटल्यावर मी विचारले, "मग काय हवे?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकेक जण बोलू लागली. त्यांची यादी मी जशीच्या तशी देते.

रंग न जाणारा चांगला दोरा आणि आरसे, एकदम घाऊक भावात. काम होळीनंतर सुरू व्हावे आणि ऊसतोडीपर्यंत चालावे. शिकवायला तांड्यावरच्याच दोन म्हाताऱ्या, आणि त्यांना रोज. एकदा संडूरला नेऊन तिथल्या बायकांशी भेट. वस्तू कितीला विकली याची पावती त्यांच्या गटाला. आणि शेवटची गोष्ट एका तरुण मुलीने सांगितली, जी बारावी झालेली आहे. तिला भरतकाम करायचे नाही, तिला हिशेब आणि मोबाईलवरची विक्री शिकायची आहे. बाकीच्या हसल्या, पण तिला कोणी गप्प केले नाही. केडगावच्या छापखान्यात अक्षरे जुळवणाऱ्या बायकांची मला त्या क्षणी आठवण झाली.

या यादीचा एकूण खर्च सहा मशिनींच्या किमतीपेक्षा जास्त होईल असे मला वाटत नाही. पण यात फीत कापायला काही नाही. आरशांची पुडी आणि दोऱ्याची गुंडी यांचा फोटो चांगला येत नाही.

मशिनी देऊ करणाऱ्या मंडळीला मी हे सगळे भेटून सांगितले आहे. त्यांच्या पाळकांनी एकच विचारले, "आमच्या लोकांना हे समजावून सांगाल का?" हा पाठ त्याचेच उत्तर आहे. निर्णय त्या मंडळीने आणि आपल्या समितीने घ्यायचा आहे. माझी विनंती एवढीच की तो बहिणींची यादी वाचून घ्यावा.

मंडळ्यांनी करण्यासारखे आणखी काही आहे. दयेची खरेदी सोडून मागणी नोंदवा. प्रभुभोजनाच्या मेजावरचे वस्त्र किंवा पवित्र शास्त्र ठेवायची पिशवी त्यांच्याच टाक्यांत करून घ्या, नक्षी त्यांना ठरवू द्या, निम्मे पैसे आगाऊ द्या आणि घासाघीस करू नका. काम देताना तिच्या श्रद्धेची अट घालू नका. सेवालाल महाराजांना मानणारी बहीण आपल्या मेजासाठी वस्त्र भरून देईल, तर तिला तिची पूर्ण मजुरी मिळो. आपली साक्ष त्या चोख हिशेबात दिसेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीने मागील दहा वर्षांत कोणती वस्तू दान दिली? ती आज वापरात आहे का? कोणी जाऊन पाहिले का?
२. आपल्या घरी किंवा नात्यात जुनी वाकळ, भरलेली चोळी, विणलेली झालर आहे का? ती कोणी केली, कोणाकडून शिकली? पुढच्या सभेला ती घेऊन या आणि तिची गोष्ट सांगा.
३. निर्गम ३६:४-७ पुन्हा वाचा. 'पुरे' म्हणणाऱ्याचा आपल्याला राग का येतो?
४. सेटलमेंटच्या काळात आपण सोलापूरच्या मंडळीत असतो, तर कुंपणाविषयी काय बोललो असतो? आज असे कुंपण कोणाभोवती आहे?
५. दुर्कस 'बरोबर' होती. आपल्यापैकी कोण या वर्षी एक दिवस तांड्यावर, हातात काही न घेता, नुसते बसायला जाईल?

प्रार्थना

हे प्रभू, हातांना कौशल्य देणारा तूच आहेस. आम्ही शिकवायला गेलो आणि पाहायचे विसरलो, याची क्षमा कर. ज्या बहिणींच्या कष्टाचा पूर्ण मोबदला आमच्या वहीतून त्यांच्यापर्यंत पोचला नाही, त्यांच्यापुढे आम्हाला नम्र कर. देणाऱ्या मंडळ्यांना ऐकणारे कान दे, आणि तांड्यावर होळीनंतर जी चटई पसरली जाईल तिच्यावर तू आधी येऊन बस. येशूच्या नावाने मागतो. आमेन.